कढी थंडी होऊन राहिली

मागच्या महिन्यात नागपूरला भाचीकडे गेले होते. तिचा मुलगा कॉलेजात आहे. सदा कानात काहीतरी खुपसून बसतो आणि हाक मारली की "हां?" म्हणतो. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, कानातलं काढून त्यानं मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं. अमेरिकेतलं जुनं हिपहॉप. धाप, धुप-धुप, टाक. मग एक माणूस रेल्वे सुटल्यासारखा घाईघाईनं बोलतोय, मग मधेच तव्यावर उलथनं घासल्यासारखं खर्र-खिक, खर्र-खिक. मी मेथी निवडत होते. हात थांबला. हे गाणं मला पाठ होतं! पुढे एका जागी सगळी वाद्यं गप्प होतात आणि नुसता ठोका उरतो. त्या जागी मी, निवृत्त मास्तरीण, गुडघेदुखीची पेशंट, मेथीची जुडी हातात धरून मोठ्यानं ओरडले, "अवो, कढी थंडी होऊन राहिली! येता का मी येऊ?"

पोरगा बघतच राहिला. "आजी, हे गाण्यात नाहीये."

"तुझ्या गाण्यात नसेल. आमच्या पांढुर्ण्याच्या कॅसेटीत होतं."

मग त्यानं मला त्याची स्वतःची कला दाखवली. तोही म्हणे असली गाणी तयार करतो, आणि तयार झालं की कॉम्प्युटरमधून वर जुन्या कॅसेटची खरखर टाकतो. का रे बाबा? तर म्हणे, "त्यानं आठवणींचा फील येतो." कोणाच्या आठवणी? ह्याच्या जन्माआधी कॅसेट वारल्या! मला हसूही आलं आणि रागही आला. कारण ही खरखर जगातून नाहीशी करण्यासाठी एका माणसानं आपलं डोकं, डोळे आणि संसार पणाला लावला होता, आणि ती कढीची हाक त्याच्याच बायकोची होती. तो आवाज जगात कसा आला, त्यानं तो कसा पुसला, आणि शेवटी त्याचं काय झालं, ते मला माहीत आहे. आता सांगितलंच पाहिजे.

भास्करभाऊ कळंबे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरपलीकडच्या पांढुर्ण्याला मुलींच्या शाळेत नवीन लागले होते आणि भास्करभाऊंच्या समोरच्या घरात खोली घेऊन राहत होते. त्यांचं दुकान पुढे, घर मागे, मधे एक भिंत आणि भिंतीत एक खिडकी. दुकानात कॅसेट भरून मिळायच्या. तुम्ही गाण्यांची नावं सांगायची, कोरी कॅसेट द्यायची, ते भरून देणार. पाटीवर लिहिलं होतं, 'शुद्ध रेकॉर्डिंग. खरखर आढळल्यास कॅसेट बदलून मिळेल.' गावात असं काम करणारे आणखीही होते, पण ते नुसती गाणी भरायचे. भास्करभाऊ गाणी धुवायचे.

माणूस किडकिडीत, कडक इस्त्रीचा बुशशर्ट, आणि दोन्ही कानांत कापूस. हा कापूस दुकानाबाहेरचा. सायकलच्या घंट्या, भाजीवाले, नातेवाईक, हे सगळं कानात जाऊन कान मळू नये म्हणून ते रस्त्यात कापूस घालून चालत. ओळखीच्या माणसानं हाक मारली तरी सरळ निघून जायचे. लोकांना वाटायचं, भाऊ मग्रूर आहेत. ते मग्रूर होतेच, पण त्याचा कापसाशी संबंध नव्हता.

दुकानात शिरलं की कापूस काढून डबीत ठेवायचा, आगपेटीच्या काडीला स्पिरिटचा बोळा लावून मशीनचं हेड, टेप जिथे घासून जाते ते, पुसायचं आणि मग दोन टेपरेकॉर्डर वायरनं जोडून बसायचं. एकावर गाणं चालू, दुसऱ्यावर भरणं चालू, बोट कायम थांबवायच्या बटणावर. रेडिओवरची निवेदिका बोलायला लागली, दाबलं बटण. मैफलीत कोणी 'वाह' म्हणालं, दाबलं बटण. टाळ्या, खोकला, खुर्चीची करकर, बारकं पोर रडलं, दाबलं बटण. टेप कुठे चुरगळली असली तर कॅसेटचे स्क्रू उघडायचे, खराब तुकडा ब्लेडनं कापायचा आणि टोकं चिकटपट्टीनं जोडायची. ह्या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागे. "गाण्यात माणूस नको."

"मग गातं कोण?" मी एकदा विचारलं.

"गाते तो गायक, बाई. खोकलते तो माणूस."

ह्या माणसाच्या हाती मोहगावच्या एका कीर्तनकार बुवांनी आपल्या कीर्तनाची टेप दिली. बुवा मोठे विनोदी. सासू-सुनेचं आख्यान लावलं की बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. भास्करभाऊंनी ती टेप मन लावून धुतली. बुवांचा खोकला काढला, टाळकऱ्यांचं घसा खाकरणं काढलं आणि लोकांचं हसणं तर मुळासकट काढलं. बुवांनी घरी ऐकली. त्यांनी विनोद केला आहे आणि समोर स्मशानशांतता. पुन्हा विनोद, पुन्हा शांतता. बुवांनी पूर्ण टेप ऐकली आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. पुढच्या कीर्तनाला तिगावात उभे राहिले ते गंभीर चेहऱ्यानं वैराग्यावर बोलायला, आणि अर्ध्या तासात मांडव घोरायला लागला. भास्करभाऊंना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घोरणं कोणी टेप केलं का? काढून देईन."

दुसरा मासला हसण्यासारखा नाही. लोधीखेड्याचा एक संत्र्याचा बागवाला आला होता. त्याचे वडील भजन म्हणायचे, आणि ते वारल्यावर त्यांच्या आवाजाची एकच टेप घरात होती. म्हाताऱ्याला दम्याचा त्रास, दर ओळीला खोकला. मुलाला फक्त दुसरी प्रत हवी होती, बहिणीसाठी. भास्करभाऊंनी विचारलंही नाही. मूळ टेपच साफ करून तिची प्रत काढली, कारण घाणीची प्रत काढणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. बागवाल्यानं दुकानातच उभं राहून ऐकलं. मी तिथेच होते, कोऱ्या कॅसेट घ्यायला गेले होते. त्यानं टेप उलटवून दुसरी बाजूही ऐकली. मग म्हणाला, "आवाज तं बाबाचाच हाये भाऊ. पण बाबा नाही याच्यात."

"साफ झालं ना पण?"

"हो, साफ तं झालं," तो म्हणाला आणि कॅसेट खिशात घालून गेला.

मला त्या दिवशी भास्करभाऊंचा इतका संताप आला की मी कॅसेट न घेताच परत आले. त्यांना त्याचं काहीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाचा हॉल झाडून काढलेल्या माणसाचं समाधान.

आता सुमनवहिनी. ह्या जवळच्याच सौंसर गावच्या. धिप्पाड बाई, गोरीपान, आणि आवाज असा की घरात 'दूध उतू गेलं' म्हणाल्या की आमच्या घरमालकीणबाई उठून आपलं दूध बघायच्या. देवानं ह्या बाईची गाठ नेमकी ह्या माणसाशी बांधली, म्हणजे देवही कधीकधी दाबू नये ते बटण दाबतो. मधल्या भिंतीतल्या खिडकीतून त्यांची प्रत्येक हाक रेकॉर्डिंगमध्ये यायची, असं भाऊंचं म्हणणं. वायरनं जोडलेल्या मशीनमध्ये बाहेरचा आवाज जातच नाही, हे मलासुद्धा माहीत होतं. पण भाऊंचं म्हणणं, "आवाज नाही गेला तरी धक्का जाते."

म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक लाल दिवा बसवला. दुकानातून बटण दाबलं की तिकडे लाल दिवा लागणार, आणि लाल दिवा असेपर्यंत वहिनींनी बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, फोडणीसुद्धा बेतानं. मी एकदा वाटीभर साखर मागायला गेले तर वहिनींनी दिव्याकडे बोट दाखवून ओठांवर बोट ठेवलं. मग खुणांनीच विचारलं, चहा? मी मान हलवली. आम्ही दोघी समोरासमोर बसून चहा प्यायलो आणि एकमेकींकडे बघून हसू दाबता दाबता वहिनींना ठसका लागला. खिडकीतून लगेच भाऊंचा चेहरा आला.

दिवा विझल्यावर वहिनी म्हणाल्या, "पाहा माय, माहेरी बोलबोल बोलली म्हणून मायचा मार खाल्ला. आता ह्या लाल दिव्यापायी मुकी होऊन राहिली. मेल्यावर तरी बोलू देतीन का नाही, काय मालूम!"

आणि ह्या घरात ते हिपहॉप आलं. आणलं पप्यानं. पप्या सौंसरचा, वहिनींच्या माहेरच्या गल्लीतला, बी.ए.चं दुसरं वर्ष पुन्हा पुन्हा करणारा. त्या काळी ब्रेक डान्सची साथ आली होती. सगळी पोरं हातापायांत करंट लागल्यासारखी चालायची. पप्यानं हातमोजे मिळवले होते, एकाच हाताचे, आणि डोक्याला पट्टी बांधून तो बसस्टँडवर डोक्यावर गरगर फिरायचा. सौंसरच्या गणपतीत नाचाची स्पर्धा होती. पप्याचा आतेभाऊ जहाजावर नोकरीला, त्यानं अमेरिकेतून एक कॅसेट आणली होती. पप्याला तिच्या प्रती हव्या होत्या.

भास्करभाऊंनी कॅसेट लावली. धाप, धुप-धुप, टाक. माणूस बोलायला लागला. भाऊ बोट बटणावर ठेवून वाट बघत बसले, ह्याचं बोलणं संपेल, गाणं सुरू होईल. ते संपेचना. "हा बावा गाणं कधी सुरू करते?" ते म्हणाले. मग आलं खर्र-खिक. भाऊ ताडकन उठले. "टेप खाल्ली मशीननं! बम खराब हालत हाये!" बम म्हणजे तिकडे 'फार'.

झालं. स्क्रू उघडले, ब्लेड काढलं, आणि पप्या घ्यायला येईपर्यंत भाऊंनी जिथे जिथे खर्र होतं तिथे तिथे कापून, बोलणारा माणूस जमेल तितका वगळून, उरलेली टेप नीट जोडून ठेवली होती. अख्ख्या बाजूत उरलं होतं एवढंसं. पप्यानं ऐकलं. कोणी दाराची कडी वाजवून निघून जावं तेवढं वाजलं आणि थांबलं.

"भाऊ, गाणं कुठी गेलं?"

"जे होतं ते हेच होतं. बाकी कचरा होता."

पप्या दुकानाच्या पायरीवर बसून खरंच रडला. आतेभावाच्या हातापाया पडून त्यानं त्याच गाण्याची दुसरी कॅसेट आणली आणि ह्या वेळी वहिनींना मधे घातलं. वहिनींनी माहेरच्या पोराची बाजू घेतली. "हात नका लावू त्याच्या कॅसेटले. जसी हाये तसी भरून द्या." भाऊंनी कपाळाला आठ्या घातल्या. वायरची चांगली मशीन असल्या घाणीसाठी वापरायला ते तयार नव्हते. त्यांनी दोन जुने टेपरेकॉर्डर टेबलावर समोरासमोर ठेवले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला. एक वाजवणार, दुसरा हवेतून ऐकून भरणार. लाल दिवासुद्धा लावला नाही. "उकिरड्यावर अजून एक केर पडला तं कोणाले दिसते?" असं म्हणून कानात कापूस घालून पेपर वाचत बसले.

आणि आत लाल दिवा दिसला नाही म्हणून वहिनींनी मोकळ्या गळ्यानं हाक मारली. "अवो, कढी थंडी होऊन राहिली! येता का मी येऊ?" वर पळीचा गंजावर, म्हणजे कढीच्या पातेल्यावर, एक टण्णकन ठोका. तो नेमका बसला गाण्यातल्या त्या रिकाम्या जागेत, ठोक्यावर ठोका. भाऊंना कापसातून काही ऐकू आलं नाही. त्यांनी त्या टेपवरून पप्याला भराभर प्रती काढून दिल्या. न ऐकता! आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं न ऐकता माल दिला.

स्पर्धेला आम्ही सगळे सौंसरला गेलो होतो. वहिनी माहेरी म्हणून बायकांत पुढे बसलेल्या, भाऊ मांडवाच्या कडेला, कानात कापूस. पप्याची टोळी आली. कळ दाबल्यासारखी हातपाय मोडत नाचली. ती जागा आली, सगळे पुतळ्यासारखे थिजले आणि चार भोंग्यांतून अख्ख्या सौंसरवर वहिनींचा आवाज घुमला, "अवो, कढी थंडी होऊन राहिली! येता का मी येऊ?" टण्ण. त्या ठोक्यावर पप्या उलटा होऊन डोक्यावर गरगरला.

मांडवात असा हशा आणि टाळ्या उठल्या की परीक्षकांनी पुन्हा नाचायला लावलं. वहिनी आधी दचकल्या, मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. "बाई, हे मीच होय ना? माह्यावर टाळ्या वाजवून राहिले ना लोक?" मी म्हटलं, तुमच्यावरच. त्या रात्री त्या सौंसरातल्या प्रत्येक ओळखीच्या बाईला सांगत सुटल्या. मी त्यांना इतकं खूश त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

भास्करभाऊ मात्र मांडवातून निघून गेले होते. त्यांच्या दुकानातून बाहेर पडलेल्या टेपमध्ये माणूस सापडला होता, आणि तोही त्यांच्याच घरातला! पांढुर्ण्यात तर कहर झाला. पोरं सायकलवरून जाता जाता ओरडायची, "भाऊ, कढी थंडी होऊन राहिली!" कापूस होता, तरी ऐकू येत असणार. लोक येऊन 'कढीवाली कॅसेट' मागू लागले. दुसरा कोणी असता तर ह्या धंद्यावर माडी बांधली असती. भाऊंनी काय केलं? ज्याच्या ज्याच्याकडे प्रत होती त्याच्या दारात जाऊन ती परत मागून आणली, 'साफ करून देतो' म्हणून. आणि प्रत्येक कॅसेटमधून तेवढीच जागा पुसली. खर्र-खिककडे बघितलंसुद्धा नाही. फक्त वहिनींना काढलं. माझी कॅसेटही नेली. मी देणार नव्हते, तर दारात तासभर उभे राहिले. शेवटी दिली मी, काय करता!

वहिनींना हे कळलं त्या दिवशी मी समोर माझ्या खिडकीत होते. त्या दुकानाच्या दारात, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बाकीच्यायचे खोकले काढले तं काढले. मले कायले काढून राहिले?"

"गाण्यात माणूस नको," भाऊ मान वर न करता म्हणाले.

"तं मंग घरात तरी कायले ठेवता?"

भाऊंनी पुढच्या कॅसेटचे स्क्रू उघडायला घेतले. त्या दिवसापासून वहिनींनी जेवायची हाक मारणं बंद केलं. पळीचा गंजावर एक ठोका, बस. लाल दिवा असो नसो. भाऊ त्या ठोक्यावर मुकाट्यानं उठून जेवायला जायचे. त्यांना वाटलं, प्रश्न सुटला. मला मात्र ती पळी रोज दुपारी टोचायची. आणि पोरांचं म्हणाल तर पुसलेल्या जागेत आता शांतता होती, म्हणून लग्नात ती कॅसेट लावली की तिथे अख्खी वरात एकसुरात ओरडायची. सगळ्या गावाला वहिनींची हाक पाठ, फक्त वहिनींचा आवाज कुठे नाही.

पुढे वहिनींना कावीळ झाली. झाडपाला झाला, मग नागपूरला नेलं, तोवर उशीर झाला होता. त्या गेल्या. माझ्यापेक्षा मोठ्या होत्या, पण मरायचं वय नव्हतंच. मी फार रडले.

सगळे विधी उरकल्यावर भास्करभाऊंनी दुकान उघडलं, पण गिऱ्हाईक घेईनात. दिवसभर स्पीकरला कान लावून एकेक कॅसेट ऐकत बसायचे. मला वाटलं, काम करून मन रमवताहेत. एके दिवशी संध्याकाळी माझ्या दारात आले. कानात कापूस नव्हता. "बाई, तुमच्यापाशी आहे का हो एखादी? तिचा आवाज असन अशी?"

"माझ्याकडचीही तुम्हीच नेली होती, भाऊ."

"हो. ते पाह्यली." ते तिथेच पायरीवर बसले. "मोहगावच्या बुवाच्या कीर्तनात ती पुढीच बसली होती. हासली असन ना. हळदीकुंकवाची एक टेप होती. तिच्या भावाच्या लग्नाची होती. सारं ऐकलं. कुठीच नाही. बम साफ काम केलं बाई मी."

ह्या माणसाला कधीतरी चांगलं फैलावर घ्यायचं, असं मी कित्येक दिवस ठरवून ठेवलं होतं. जिभेवर चार वाक्यं तयार होती. ती तशीच राहिली. मी आत जाऊन पाणी आणलं. ते लोधीखेड्यालाही जाऊन आले होते म्हणे, त्या बागवाल्याकडे. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

पप्याच्या कलेचं तोवर जे व्हायचं ते झालं होतं. पांढुर्णा-सौंसर खासगी बसवर तो कंडक्टर होता. डोक्याची पट्टी गेली होती, केसही जायला लागले होते. एकदा शाळेच्या कामासाठी मी त्या बसमध्ये बसले, आणि ड्रायव्हरच्या टेपवर धाप, धुप-धुप, टाक सुरू झालं. मी लक्ष दिलं नाही. मग ती जागा आली, आणि वहिनी बोलल्या. टण्ण! मी जागेवरून उडालेच.

"भाऊ परत मागाले आले तं मी त्याइले दुसरीच कॅसेट देल्ली होती," पप्या तिकीट फाडत म्हणाला. "माह्या डोक्यावर फिरायची कमाई हाये ते. साफ कराले देतो काय!"

पांढुर्ण्याला परतल्या परतल्या मी भास्करभाऊंना सांगितलं. ते तसेच उठले. आत गेले, आणि थोड्या वेळानं मला मशीन पुसायच्या स्पिरिटचा वास आला. मला वाटलं, आता पप्याला गाठतील, सर्वांत चांगल्या वायरीनं प्रत काढतील, आणि बरंच होईल. पण दुसऱ्या दिवशी ते नुसते बसस्टँडवर गेले आणि पप्याच्या बसमधून सौंसरपर्यंत जाऊन आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पप्या कॅसेट घ्या म्हणाला तरी घेईनात. मी विचारलं, "अहो भाऊ, प्रत का नाही काढत? घरी ऐकता येईल."

त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं. "माह्या हाती नका देऊ बाई. मागं खरखर हाये, खर्र-खिक हाये त्याच्यात. मी एक दिवस साफ कराले बसीन. मले माहीत हाये ना मी."

त्यानंतर माझी बदली झाली. ट्रंक आणि वळकटी पप्यानं टपावर चढवली. भास्करभाऊ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर खिडकीशी बसलेले होते, बुशशर्टाला इस्त्री नाही, मांडीवर डबा. हात वर करून मला नमस्कार केला. बस खच्चून भरली होती. कोंबड्या, संत्र्यांची टोपली, कडेवरची पोरं, सगळा गलका. पूर्वीचे भाऊ असते तर जीव गेला असता त्यांचा. मोहगाव मागे पडलं आणि पप्यानं कॅसेट उलटवली. रोजच्या लोकांना जागा माहीत होती. ती जवळ आली तशी मागच्या बाकांवरची पोरं सुरात ओरडायला तयार होऊन बसली.

भास्करभाऊ उठून उभे राहिले. मागे वळले, आणि ते जुनं बोट वर केलं. "चूप! चूप बसा सारे!"

कसं कोण जाणे, पण बस गप्प झाली. नुसतं इंजिन राहिलं. खर्र-खिक संपलं, बोलणारा माणूस थांबला, आणि वहिनी म्हणाल्या, "अवो, कढी थंडी होऊन राहिली! येता का मी येऊ?"

भाऊ खिडकीकडे तोंड करून खाली बसले. मी मागच्याच सीटवर होते म्हणून मला ऐकू आलं.

"आलो," ते म्हणाले. "आलो ना. वाढ तू."